आवाज कुठे शिकायचा

केलिबिया, १० फेब्रुवारी २०१३

प्रिय अम्मती वसीला,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. परवा बाबांनी लावून पाहिला, मग मी. बाबा म्हणाले, बहीण कॅसाब्लँकात राहून फार मोठी झाली, आता भावाच्या फोनला वेळ नाही. हे ते इतक्या मोठ्याने म्हणाले की समोरच्या पाववाल्याने भट्टीतून डोकं बाहेर काढून पाहिलं. बाबा हल्ली असेच बोलतात. इतकी वर्षं वर्गात भूगोल शिकवून आवाज तसाच चढा झालाय, आणि वर तक्रार अशी की आजकालची मुलं पुटपुटतात. रात्रीच्या बातम्या लावल्या की राज्यघटनेवरची भांडणं आमच्या घरातून अख्ख्या गल्लीला ऐकू जातात.

कामाचं लिहिते. जूनमध्ये माझी शाळेची शेवटची परीक्षा. त्यानंतर सिनेमा शिकायचा हे ठरलंय, बाबांनाही मान्य आहे. कुठे, ते ठरत नाही. आमच्या सिनेमा क्लबातल्या प्रत्येकाचं वेगळं मत, आणि ज्यांनी कुठलीच संस्था आतून पाहिली नाही त्यांचं मत सगळ्यात ठाम.

ट्युनिसबाहेरची सरकारी संस्था घरापासून जवळ. फी नावाला. जागा मोजक्या, प्रवेशपरीक्षा कडक. माराकेशची संस्था खाजगी आहे, पण शिष्यवृत्त्या देतात आणि सेनेगलपासून सीरियापर्यंतची मुलं तिथे येतात म्हणे. कैरोचं नाव बाबा ऐकूनच घेत नाहीत, तिथे रोज काहीतरी पेटलेलं असतं म्हणतात. आणि ब्रसेल्स, जिथे तू शिकलीस. पण व्हिसाच्या रांगेत माझं तरुणपण जाईल.

मला ध्वनिमुद्रण शिकायचंय. तू नाक मुरडू नकोस. क्लबाच्या मागच्या लघुपटाचा आवाज मीच घेतला, बंदरावर, वाऱ्यात, आईची उशी फाडून माइकवर गुंडाळून. आईने अजून माफ केलेलं नाही.

माघरिबच्या, आपल्या या सगळ्या उत्तर आफ्रिकेच्या सिनेमात तीस वर्षं आवाज घेणारी बाई माझी सख्खी आत्या आहे. तिला नाही विचारायचं तर कुणाला? सगळ्या संस्थांतली माणसं तुला ओळखत असतील. खरं खरं सांग.

मला झोप येत नाही. कुठे तरी दुसरीकडे माझी जागा भरली जातेय असं सारखं वाटतं.

तुझी,
दोर्साफ


कॅसाब्लँका, १९ फेब्रुवारी

बिन्ती दोर्साफ,

पत्र वाचून हसले, पोरी. उशीबद्दल आईची माफी माग आणि दुसरी आणून दे, लोकरीची. वाऱ्यासाठी तीच बरी.

फोनचं म्हणशील तर मी कामात असते आणि फोन पिशवीच्या तळाशी असतो. लिहीत जा. लिहिलेलं मी दोनदा वाचते.

आता संस्था. ब्रसेल्स विसर. आमच्या वेळी तिथे थंडीने बोटं वाकायची आणि मास्तर आमच्या नावांचे उच्चार चार वर्षांत शिकले नाहीत. कैरोची संस्था जुनी आणि जबर, पण तिथला धंदा फार ओळखीपाळखीवर चालतो. परक्या पोरीला दार उघडायला वेळ लागतो. माराकेशला यंत्रं नवी, मास्तर येऊन-जाऊन असणारे, मुलं धीट. तिथली मुलं लवकर काम करायला शिकतात आणि उशिरा विचार करायला. ट्युनिसला उलट. पहिली दोन वर्षं सगळ्यांना सगळं शिकवतात, विषय तिसऱ्या वर्षी निवडायचा. तोवर माणूस शहाणा होतो.

तेव्हा तू ट्युनिसला जा. आणि ध्वनिमुद्रण नको घेऊस. संकलन घे. तुझी नजर चांगली आहे, तू पाठवलेल्या दोन्ही लघुपटांत कट कुठे हवा ते तुला कळलेलं दिसतं. आवाजवाल्याला कुणी विचारत नाही. सगळं युनिट जेवायला बसतं तेव्हा तो एकटा उभा राहून रिकाम्या खोलीचा आवाज घेत असतो. पाठ जाते, खांदे जातात. संकलकाला निदान खुर्ची असते.

माझ्या भावाला, मोंजीला सलाम सांग. आणि तो ओरडतो म्हणून हसत जाऊ नका.

वसीला


केलिबिया, ८ मार्च

अम्मती,

मी ट्युनिसला जाऊन आले. शनिवारी संस्था बघायला देतात. तुझं बोलणं बरोबर निघालं. शिकवणारे समजूतदार आहेत, एका बाईंनी माझा लघुपट पाहून घेतला आणि अर्धा तास माझ्याशी बोलल्या. तिथल्या मुलांनी व्हरांड्यात बसवून चहा पाजला, राजकारणावर भांडून दाखवलं. मला आवडलं. म्हणून तर आणखी गोंधळ झाला.

कारण मी विचारलं, आवाजाची खोली कुठाय? त्या मुलांतली एक म्हणाली, ती मोठ्यांची, तिसऱ्या वर्षाची. काचेतून पाहिली फक्त. आत एक मुलगी हेडफोन लावून डोळे मिटून बसली होती. मला तिचा हेवा वाटला. इतका, की परतीच्या शेअर टॅक्सीत शेजारच्या बाईने दिलेली संत्र्याची फोड मी हातात धरून बसले आणि खायचं विसरले.

तू मला नको म्हणालीस त्याचं एकही कारण मला पटलं नाही. खांदे जातात म्हणे. तुझे कुठे गेले? जेवण उशिरा मिळतं म्हणून कुणी विषय सोडतं का? तुला वाटतं मला ते जमणार नाही, असं असेल तर तसं सांग. बंदरावरचं मुद्रण तुला पाठवलं होतं, त्याबद्दल तू एक शब्द लिहिला नाहीस. चित्राबद्दल लिहिलंस, कटबद्दल लिहिलंस. आवाजाबद्दल नाही. इतका वाईट होता?

बातमी अशी की माराकेशवाल्यांनी मुलाखतीला बोलावलंय, वसंताच्या सुट्टीत. बाबा कुरकुरले, पण तिकीट काढलं. येताना कॅसाब्लँकाहून विमान आहे. एक दिवस तुझ्याकडे राहू? एकदा समोर बसून बोललो की माझं डोकं ठिकाणावर येईल.

दोर्साफ


कॅसाब्लँका, १४ मार्च

बिन्ती,

त्या दिवसांत मी नाही. दक्षिणेला, एर्राशिदियाच्या पुढे चित्रीकरण आहे, महिनाअखेरपर्यंत. घराला कुलूप असेल. फार वाईट वाटतंय.

मुलाखतीत कमी बोल. जास्त बोलणाऱ्यांना घेत नाहीत. विषय विचारला तर संकलन सांग.

तुझा आवाज वाईट नव्हता.

वसीला


केलिबिया, २८ मार्च

वसीला,

आज तुला अम्मती म्हणायचं मनात येत नाही. राग आहे, आणि तो घेऊन मी आठवडाभर फिरतेय.

माराकेशची मुलाखत चांगली झाली. तिघेजण समोर होते. विषय विचारल्यावर मी ध्वनिमुद्रण सांगितलं. त्यांनी मला एका खोलीत नेलं, एक मिनिट गप्प बसवलं आणि मग विचारलं, काय काय ऐकलंस? मी सांगत गेले. वरच्या मजल्यावरचं खुर्ची सरकवणं, नळ, बाहेरचा खेचरवाला, आणि त्यांच्यातल्याच एकाच्या पोटातली गुडगुड. ते हसले. तिथे आवाज दुसऱ्या सहामाहीपासून शिकवतात.

मग त्यांच्यातले वयस्कर गृहस्थ म्हणाले, ‘तुझं आडनाव ओळखीचं आहे.’ मी तुझं नाव सांगितलं, अभिमानाने. म्हटलं, सध्या दक्षिणेत चित्रीकरणात आहे. त्यांचा चेहरा गोंधळला. ते म्हणाले, ‘वसीला? तिला दोन वर्षांत कुठल्या युनिटवर कुणी पाहिलेलं नाही. बरी आहे ना?’

मी बरी आहे म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

विमान संध्याकाळचं होतं. मी सकाळच्या गाडीने कॅसाब्लँकाला उतरले आणि सरळ तुझ्या गल्लीत आले. घराला कुलूप नव्हतं. मी घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. समोरची बाई गॅलरीत चादर झटकत होती, ती म्हणाली, घरातच आहेत, जोरात वाजवा. मी दारावर थापा मारल्या. मग बाजूच्या बोळात जाऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. तू ओट्यापाशी पाठमोरी उभी होतीस. निळा गाऊन होता. पुदिना निवडत होतीस. खिडकीची वरची झडप उघडी होती. मी हाक मारली, अम्मती, अम्मती वसीला. तू पानं निवडत राहिलीस. मान जराही हलली नाही.

ती चादरवाली बाई वरून बघत होती. मला मेल्यासारखं झालं. मी बॅग उचलली आणि निघून आले. विमानतळावर चार तास बसले आणि रडले. बाबांना सांगितलंय की तू दक्षिणेत आहेस. तुझ्यासाठी खोटं बोलले.

तुला मी नको असेन तर तसं लिहायचं. मी लहान नाही.

दोर्साफ


कॅसाब्लँका, २ एप्रिल

दोर्साफ,

मला घंटा ऐकू आली नाही. थापा ऐकू आल्या नाहीत. तुझी हाकसुद्धा नाही.

तू माझ्या खिडकीत उभी होतीस हे मला आत्ता, तुझ्या पत्रातून कळतंय.

नीट लिहिते, थोडा वेळ दे.

वसीला


कॅसाब्लँका, ६ एप्रिल

बिन्ती,

मला ऐकू येत नाही. डावा कान पूर्ण गेलाय. उजव्याने जवळचं, समोरचं, थोडंफार.

हे पाच-सहा वर्षांपूर्वी सुरू झालं. कळलं नाही, कारण या दुखण्यात गोंगाटात बरं ऐकू येतं आणि मी सदा गोंगाटात. हेडफोनमध्ये आवाज वाढवत गेले. मग एका चित्रपटात विहिरीकाठचं दृश्य होतं, दोन म्हातारे, फार शांत. दिग्दर्शकाने विचारलं, आवाज ठीक? मी अंगठा वर केला. महिन्याने संकलनाच्या खोलीतून निरोप आला की सगळ्या दृश्याखाली पंपाची घरघर आहे. खालचे, जाडे आवाज आधी जातात. माझ्यासाठी ती घरघर नव्हतीच. सगळं युनिट विहिरीवर परत न्यावं लागलं, आणि तोवर त्यातला एक म्हातारा वारला होता.

मी कुणाला काही सांगितलं नाही. डाव्या कानाची शस्त्रक्रिया केली, ती उलटली. तेव्हापासून घरी बसून परदेशी मालिकांचे संवाद भाषांतरित करते. पडद्यावर ओठ दिसतात आणि हातात कागद असतो. गेल्या महिन्यात एर्राशिदियाचं लिहिलं ते खोटं. तू येशील, बोलशील, मी भलतंच उत्तर देईन आणि तुला कळेल, याची भीती वाटली.

पण एवढंच असतं तर मी तुला आत घेतलं असतं. ऐक. आपल्या घरात हे दुखणं रक्तात आहे. कानातलं एक बारीक हाड घट्ट होत जातं. तुझी आजी शेवटी शेवटी उत्तर द्यायची नाही आणि सगळे म्हणायचे, म्हातारी हेकट आहे. ती हेकट नव्हती. तू पहिल्या पत्रात लिहिलंस की मोंजी ओरडून बोलतो, टीव्ही गल्लीला ऐकू जातो, वर्गातली मुलं पुटपुटतात. तू गंमत म्हणून लिहिलंस. मला त्यात हेच दुखणं दिसलं.

बायकांमध्ये हे लवकर येतं आणि जोरात येतं. मला कळल्यानंतर मी रात्रंदिवस एकच विचार केला, की माझ्यानंतर या घरात कोण आहे? तर तू. आणि तुला नेमकं तेच हवं. म्हणून संकलन, म्हणून ट्युनिस, म्हणून तिसऱ्या वर्षाचा विषय. तोवर तुझं मन बदलेल, असं मला वाटलं.

तुझं बंदरावरचं मुद्रण मी ऐकलं नाही. यंत्रावर सुया हलताना पाहिल्या. सुया छान हलत होत्या, त्यावरून लिहिलं की वाईट नव्हता.

कान तपासून घे. मोंजीला कसं सांगायचं ते तू ठरव, मला धीर होत नाही.

वसीला


कॅसाब्लँका, २० मे

बिन्ती,

दीड महिना तू गप्प आहेस. रागावली असशील किंवा अभ्यासात असशील. दोन्ही चालेल. परीक्षा नीट दे. सकाळी काहीतरी खाऊन जात जा.

मी एका जुन्या निर्मात्याला खरं सांगून टाकलं. तो ‘बरं, बरं’ म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं की त्याला कधीचंच माहीत होतं.

वसीला


केलिबिया, १६ जुलै

प्रिय अम्मती,

रागावले नव्हते. घाबरले होते. त्या पत्रानंतर मी घरात कान लावून फिरायचे. फ्रिज ऐकू येतो का, समुद्र ऐकू येतो का, आई दुसऱ्या खोलीत काय पुटपुटते ते येतं का. अभ्यासाला बसले की घड्याळाची टिकटिक ऐकायचे आणि ती कालच्यापेक्षा कमी वाटायची. तरी पास झाले. गुण बरे आहेत.

निकालानंतर ट्युनिसला डॉक्टरकडे गेले. एकटीच जाणार होते, बाबा म्हणाले मी येतो. त्यांना मी फक्त कानात दडा बसतो असं सांगितलं होतं. मला एका बंद पेटीसारख्या खोलीत बसवलं. बारीक टप् टप् यायचं, आलं की बटण दाबायचं. मी इतक्या जोरात दाबत होते की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बटणावर राग काढू नकोस. मला सगळं ऐकू आलं, खालचं, वरचं, सगळं. त्या म्हणाल्या, आज तुझे कान उत्तम आहेत. उद्याचं विचारलं तर म्हणाल्या, तुला होईलही, नाहीही होणार, झालं तर विशीत की चाळिशीत तेही मी सांगू शकत नाही. सांगणारा भेटला तर तो खोटारडा समज.

मग त्यांनी बाबांना विचारलं, घरात आणखी कुणाला हा त्रास? बाबा म्हणाले, ‘केलिबियाहून, सकाळच्या टॅक्सीने.’

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी बाबांकडे. मग त्यांनी बाबांना त्या पेटीत बसवलं. काचेतून मला दिसत होतं, बाबा बटणावर अंगठा ठेवून शहाण्या विद्यार्थ्यासारखे वाट बघत होते. आणि त्यांचा अंगठा हलतच नव्हता.

परत येताना टॅक्सीत मी त्यांच्या शेजारी बसले. मी तुझं सगळं सांगितलं, त्यांच्या उजव्या बाजूने, हळूहळू, समोर तोंड करून. तुझा फोन, तुझी खिडकी, आजी. मेन्झेल तेमिम गाव मागे पडल्यावर ते म्हणाले, ‘म्हणजे आईला ऐकू येत नव्हतं. आणि आम्ही दोघं बहीणभाऊ तिच्यावर चिडायचो.’ त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका बारीक होता. ड्रायव्हरने रेडिओ बंद केला.

आता निवडीचं. ट्युनिसच्या यादीत माझं नाव आलंय. माराकेशनेही घेतलं, शिष्यवृत्तीसकट. क्लबातल्यांना वाटतं हे भाग्य आहे. मला तीन दिवस जेवण गेलं नाही.

ट्युनिस खरंच चांगलं आहे, अम्मती. ती मुलं, त्या बाई, घर दीड-दोन तासांवर. सहा महिन्यांपूर्वी असतं तर मी तिथेच गेले असते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत शहाणी झाले असते. पण आता मला तिसरं वर्ष फार लांब वाटतं. तू कारण दिलंस ते मी त्या वाटेला जाऊ नये म्हणून. मला ते उलटं लागलं. कानांना मुदत असेल तर मला लवकर सुरुवात करायला हवी. मुदत नसेल तर लवकर सुरुवात केल्याने काही बिघडत नाही. म्हणून माराकेश, आणि म्हणून ध्वनिमुद्रण. मुलाखतीत मी तेच सांगितलं होतं, ते बदलणार नाही.

बाबांना मी जवळ हवी होते. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी माराकेशचं सरासरी पर्जन्यमान सांगायला लागले. भूगोलाच्या मास्तरांची परवानगी अशीच असते. कानाचं यंत्र घ्यायला मात्र तयार नाहीत. म्हणतात, वसीलाने घेतलं तर घेईन.

तुला वाईट वाटेल, भीती वाटेल, हे मला माहीत आहे. तरी मी हे करतेय. तू नको म्हणालीस तरी करेन, पण नको म्हणू नकोस.

तुझी,
दोर्साफ


कॅसाब्लँका, ११ सप्टेंबर

बिन्ती दोर्साफ,

नको म्हणत नाही. म्हणायचं म्हणून बरेच दिवस कागद पुढे घेतला, मग ठेवून दिला. तू लिहिलंयस त्यात मला चूक सापडेना, आणि जी सापडली ती माझ्या भीतीची होती, तुझ्या हिशोबाची नव्हती.

तेव्हा फक्त कामाचं. हेडफोनमध्ये आवाज कमी ठेवायचा, कितीही मोह झाला तरी. स्वतःच्या खांद्यांना जप, ते खरंच जातात. मास्तर म्हणतील, मागाहून संकलनात काढून टाकू. ऐकायचं नाही. शंका आली की पुन्हा घ्यायचं. माझ्या वेळी त्या विहिरीवर मी पुन्हा घेऊ म्हटलं असतं तर त्या म्हाताऱ्याचं काम तसंच्या तसं राहिलं असतं. दरवर्षी एकदा त्या पेटीत बसून ये. काय निघालं ते मला आधी सांग.

मोंजीला सांग, मी यंत्र घेतलं. पहिल्या दिवशी ताटलीत चमचा पडला तर मी किंचाळले. कपडे अंगावर करकरतात हे कुणी मला आधी सांगितलं नव्हतं. पाव चावताना डोक्यात दगड फुटतात. पण काल समोरची बाई गॅलरीतून काहीतरी म्हणाली आणि मी वर पाहिलं. ती इतकी दचकली की चादर खाली पडली. आता मोंजीला पळवाट नाही.

माराकेशच्या त्या वयस्कर गृहस्थांनी कळवलंय की पहिल्या वर्षाच्या मुलांशी एक दिवस येऊन बोला. मी त्यांना लिहिलं की मला ऐकू येत नाही. त्यांनी लिहिलं, मुलं कागदावर प्रश्न लिहून देतील. अजून होकार दिलेला नाही. तू वर्गात बसलेली असशील, आणि मला तुझ्याकडे बघून बोलता येईल का, ते ठरत नाही.

तुझं विमान इथे पोहोचून तू विमानतळाच्या गाडीने शहरात येशील, तेव्हा मी स्टेशनवर असेन. निळ्या गाऊनमध्ये नसेन, तांबडा कोट घालेन. तिथे फार कालवा असतो आणि त्या यंत्रात सगळं एकात एक होऊन जातं, कोण कुठून बोलतंय ते कळत नाही. तेव्हा मला लांबून हाक मारू नकोस. गर्दीतून वाट काढ आणि माझ्या समोर येऊन उभी राहा.

तुझी,
अम्मती वसीला